कोंबड्यांना औषध लागू पडत नाहीये, कुरव (सीगल) पक्ष्यांमुळे होतं का हे?

खाडीकाठ: नमस्कार, गुहागरजवळ आमची ब्रॉयलरची शेड आहे. या लॉटला अठराव्या दिवशी मरतूक सुरू झाली, एक पक्षी कापून बघितला तर हृदयावर नि लिव्हरवर पांढरा चिकट पापुद्रा, म्हणजे ई. कोलाय जंतूची लागण. दरवेळी पाण्यातून एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सोडतो नि तीन दिवसांत फरक पडतो, यंदा पाच दिवस झाले तरी काहीच नाही. भाऊ म्हणतो बंदरावरचे कुरव नि कावळे मागच्या कोंबडखताच्या ढिगावर बसतात तेच असले चिवट जंतू आणतात. खरं आहे का? झोप उडालीय हो.

दापोलीचा पशुवैद्य: दादा, कुरवाला कोणी अँटिबायोटिक पाजत नाही, तरी त्याच्या विष्ठेत असे जंतू सापडतात म्हणजे ते त्याने आपल्याच सांडपाण्यातनं, कचऱ्यातनं, खतातनं उचललेले. ज्याच्यामुळे जंतू कोलिस्टिन या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत तो एमसीआर-१ जीन २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत नि मांसात सापडला आणि २०१६ मध्येच लिथुआनिया नि अर्जेंटिनाच्या कुरवांतही सापडल्याचं छापून आलं! हा जीन एका जंतूतून दुसऱ्यात उडी मारतो, भीती त्याचीच. हल्ली कोंबडी, माणूस, रानपक्षी तिघांतल्या जंतूंचा अख्खा जिनोम, म्हणजे सगळे जीन, वाचून ताडून बघतात, जंतू कुठून कुठे गेला ते कळायला. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडे वीण करतात, म्हणजे इथला जंतू कुठवर जाईल बघा. पण तुमच्या शेडमधली चूक पक्ष्यांची नाही, दरवेळी तेच औषध अंदाजाने सोडताय त्याची आहे, हे स्पष्टच सांगतो.

अलिबागची शेडवाली: अगदी बरोबर. आमच्याकडे पण हेच झालेलं, एक दुकानदार दरवेळी "याच्यापेक्षा स्ट्राँग घ्या" म्हणून नवीन बाटली द्यायचा. कोलिस्टिन कोंबड्यांना द्यायला तर २०१९ पासून आपल्याकडे बंदीच आहे, कोणी देऊ केलं तरी घेऊ नका. औषध द्यायच्या आधी ताजे मेलेले पक्षी बर्फात घालून कल्चर-सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे जंतूवर कुठलं औषध चालतं त्या तपासणीला, पाठवा.

खाडीकाठ: औषध तर देऊन झालंय, आता पाठवून उपयोग आहे का? आणि ढिगाचं काय करू, पावसात सगळं पऱ्यात जातं.

दापोलीचा पशुवैद्य: पाठवाच, फक्त कुठलं औषध किती दिवस दिलं ते चिठ्ठीवर लिहा. पुण्याला औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेत होतं. ढिगावर आजच ताडपत्री टाका, कडेने चर खणा, नि नीट कुजून गरम होऊन गेल्याशिवाय ते खत कलमांना घालू नका, कुजवल्याने जंतू बरेच मरतात पण जीन सगळे जात नाहीत.

खाडीकाठ: ताडपत्री टाकली. तीन पक्षी बर्फात ठेवलेत, पहाटेच्या एसटीने भाऊ निघतोय.