एचओ मांडणी: आधी कपलिंग बदलावे की आधी डिजिटल नियंत्रण घ्यावे?

नेरूळकर

नमस्कार. आठ बाय चार फुटांच्या एका अख्ख्या प्लायवर एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणाची मॉडेल रेल्वेची मांडणी मी गेल्या दिवाळीपासून उभी करतो आहे. बाहेरचा वळसा २२ इंच त्रिज्येचा आणि आतला १८ इंचांचा आहे. गाड्या मात्र जशा हाती लागल्या तशा घेत गेल्यामुळे त्यांचा एकमेकींशी मेळ नाही. अमेरिकी धर्तीच्या सात वाघिणींना जुनी हॉर्न-हुक कपलिंग (गाड्या एकमेकींना जोडणारे आकडे) आहेत, चार ब्रिटिश ओओ (१:७६ प्रमाणाच्या) वाघिणींना टेन्शन-लॉक आहेत, शिवाय आयसीएफच्या (भारतीय रेल्वेच्या जुन्या धर्तीच्या डब्यांच्या) मापाचे दोन लांब डबे आहेत. इंजिने तीन: एक युरोपीय डिझेल, ज्यात आठ पिनांचे सॉकेट आहे, एक जुने साधे डीसी (रुळातल्या साध्या एकदिश विजेवर चालणारे), आणि मावसभावाने जर्मनीहून आणलेले मार्कलिनचे जुने वाफेचे इंजिन.

गाडी ओढताना बरी चालते, पण मागे ढकलली की सांध्यावर (जिथे एका रुळातून दुसरा फुटतो तिथे) हमखास रुळावरून उतरते. एका दुकानदाराने डिजिटल केले की सगळे सुरळीत होईल असे सांगितले. हाताशी पंचवीस हजार रुपये आहेत. ते कंट्रोलरवर घालावेत का?

सांधेवाला (नौपाडा)

इतक्यात घालू नयेत. तुमचे दुखणे विजेचे नसून कपलिंगचे आहे. हॉर्न-हुकची रचनाच अशी आहे की गाडी ढकलताना दोन कपलिंग एकमेकांना सरळ न रेटता बाजूला रेटतात. हलकी वाघीण आणि पुढे सांधा असा योग जुळला की चाक रुळावर चढलेच म्हणून समजा. डीसीसी, म्हणजे हेच डिजिटल नियंत्रण, घेतल्यावर हीच वाघीण इतक्याच भक्तिभावाने उतरेल, फक्त अधिक सावकाश उतरेल.

सातही वाघिणींना नकल (वाकवलेल्या बोटांसारखी एकमेकांत अडकणारी) कपलिंग लावा. केडी या कंपनीचे ५ क्रमांकाचे कपलिंग त्याच्या डबीसकट वाघिणीच्या तळाला स्क्रूने बसते. युरोपीय इंजिनाच्या टोकाला एनईएम (मॉडेल रेल्वेची युरोपीय मानके) ३६२ धर्तीची छोटी आयताकृती खोबण असेल, तर जुने कपलिंग चिमटीत धरून सरळ ओढून काढता येते आणि त्या जागी केडीचे १७ ते २० यांपैकी एक बसते. आकडा वाढतो तशी लांबी वाढते. मी १८ ने सुरुवात करतो, १८ इंची वळशावर गाडी ढकलून पाहतो आणि बफर एकमेकांत अडकले तरच १९ कडे वळतो.

यातली खरी मेख उंचीची आहे. केडीचा २०५ क्रमांकाचा मापक रुळावर ठेवून प्रत्येक वाघिणीचे दोन्ही टोकांचे कपलिंग त्याला भिडवून पाहा. कपलिंग खाली आले असेल तर बोगी (चाकांचा वळणारा संच) आणि तळ यांच्यामध्ये पातळ वॉशर घालून वाघीण उचलता येते. कपलिंगखाली लोंबणारी वाकडी तार चुंबकाने गाडी सोडवण्यासाठी असते. ती रुळाच्या माथ्यापेक्षा खाली आली तर सांध्यात अडकते. डबीत तेल कधीही घालू नका, त्यावर धूळ बसून कपलिंग चिकटते. कुलपात घालतात ती ग्रॅफाइटची कोरडी पूड चिमूटभर पुरते.

ओओ वाघिणी बदलायची गरज नाही. एका वाघिणीच्या एका टोकाला टेन्शन-लॉक राहू द्या, दुसऱ्या टोकाला नकल लावा आणि ती दुभाषी वाघीण मध्ये जोडा. खऱ्या रेल्वेलाही हे चुकलेले नाही: मूळच्या आयसीएफ डब्यांना स्क्रू कपलिंग आणि बाजूचे बफर, नव्या एलएचबी डब्यांना मध्यभागी एकच सीबीसी कपलिंग, त्यामुळे कोणताही डबा कोणत्याही डब्यामागे जोडता येत नाही.

खाडीकाठ (ऐरोली)

सांधेवाले यांच्याशी सहमत आहे, पण डिजिटलचा विचार मुळीच सोडू नये. दोन इंजिने एकाच रुळावर स्वतंत्रपणे चालवायची असतील तर त्याला तोड नाही.

सर्वांत आधी मार्कलिनचे इंजिन बाजूला ठेवा. त्यांच्या एचओ गाड्या तीन रुळांच्या पद्धतीच्या असतात. तिसरा रूळ म्हणजे मधल्या खुंट्यांची रांग, आणि डाव्या-उजव्या चाकांत विद्युतरोधन नसते. मल्टिमीटर बीपवर लावून दोन्ही चाकांना टोके टेकवा. बीप वाजला तर ते इंजिन तुमच्या दोन रुळांवर ठेवताक्षणी शॉर्ट होईल.

आठ पिनांच्या सॉकेटला एनईएम ६५२ म्हणतात. त्यात डिकोडरचा (इंजिनातली, डिजिटल हुकूम वाचणारी छोटी पाटी) प्लग बसवताना नारिंगी तार १ क्रमांकाच्या पिनेकडे यावी. उलटा बसला तर बहुधा काही जळत नाही, इंजिन उलट धावते आणि दिवे लागत नाहीत. जुन्या डीसी इंजिनात मात्र जपून काम करा. मोटारीची दोन्ही टोके सांगाड्यापासून पूर्ण अलग आहेत हे मीटरवर पाहिल्याशिवाय डिकोडर जोडू नका. मी ब्रशखालची एक पितळी पट्टी सांगाड्याला टेकलेली पाहिली नाही. वीज दिली, बारीकसा पांढरा धूर निघाला आणि डिकोडर गेला. दोष कोणाचाही नव्हता, आळस माझा होता.

नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. प्रत्येक इंजिन वेगळ्या प्रोग्रॅमिंग रुळावर ठेवून सीव्ही (डिकोडरमधला, मूल्य साठवणारा कप्पा) १ मध्ये नवा पत्ता द्या, नाहीतर दोन्ही इंजिने एकाच हुकमावर निघतील. चार अंकी पत्ता हवा असेल तर तो सीव्ही १७ आणि १८ मध्ये जातो. सीव्ही २९ मध्ये सहसा ६ असतो. तिथे २ घातले की डिकोडर साध्या डीसीवर चालणे बंद करतो, त्यामुळे इंजिन अचानक सुसाट सुटण्याचा एक प्रकार टळतो. सगळा गोंधळ झालाच तर अनेक डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिले की मूळ मूल्ये परत येतात.

पैशांबद्दल सांगायचे तर तयार संच घेण्याआधी डीसीसी-ईएक्स, ही घरी जुळवायची डीसीसी प्रणाली, पाहा. आर्डुइनो मेगा, त्यावर मोटर शील्ड, फोनशी जोडायला वायफाय पाटी आणि फोनवरचे ॲप एवढ्यात दोन इंजिनांची मांडणी आरामात चालते, आणि तिन्ही पाट्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतात. बचत झाली तर ती तारांवर खर्च करा. प्लायच्या खालून दीड स्क्वेअर एमएमची मुख्य जोडी फिरवा आणि दर तीन फुटांवर पातळ तारेने रुळाला जोडा. रुळांच्या जोडपट्ट्यांच्या भरवशावर वीज सोडू नये. शेवटी रुळाच्या प्रत्येक भागावर नाणे आडवे ठेवून पाहा. कंट्रोलरने तत्काळ वीज तोडली नाही तर तिथली तार अपुरी आहे.

डबेवाला नव्हे, डब्यांवाला

वजनाचा मुद्दा राहिला. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ गाडीला मुळात एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस वजन असावे. म्हणजे सहा इंची वाघीण सुमारे ११३ ग्रॅम आणि दहा इंची डबा सुमारे १७० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहा (घरच्यांची परवानगी घेऊन). कमी भरले तर टायरवाल्याकडे पाच-पाच ग्रॅमच्या चिकटणाऱ्या वजनांची पट्टी मिळते. ती डब्याच्या तळाशी, दोन्ही बोग्यांमध्ये सारखी वाटून लावा. प्लास्टिकची चाके असतील तर धातूची घाला आणि दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर १४.४ मिलिमीटरच्या आसपास आहे ना, तेही मोजा.

आयसीएफचा २१.३ मीटरचा डबा १:८७ मध्ये साडेचोवीस सेंटिमीटर भरतो, एलएचबीचा सत्तावीस. २२ इंची वळशावर आयसीएफच कसाबसा निभावेल, १८ इंचीवर नेऊच नका. त्या डब्यांची कपलिंग तळाला स्क्रू न करता बोगीवर बसवा, म्हणजे ती वळणाबरोबर वळतील.

नेरूळकर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी रात्री मीटर लावला. मार्कलिनच्या चाकांवर बीप वाजला, ते इंजिन आता काचेच्या कपाटात गेले आहे. सातांपैकी चार वाघिणी ७० ग्रॅमच्या खाली भरल्या. तीन वाघिणींना ५ क्रमांकाची कपलिंग लावून, वजन वाढवून आतल्या वळशावर वीस फेऱ्या ढकलत नेल्या. दोन वाघिणी एकदाही उतरल्या नाहीत. तिसरी मात्र सांध्याच्या अगदी मधल्या त्रिकोणावर उडी मारते. मापकाशी कपलिंगची उंची जुळते, चाकांचे अंतरही बरोबर आहे. मेगा आणि शील्ड मागवले आहेत.

सांधेवाला (नौपाडा)

कपलिंग बरोबर असूनही खालची तार लांब राहू शकते. मापकाच्या पायथ्याशी तारेसाठी पायरी आहे, तिच्यावरून तार न घासता जाते का पाहा. घासत असेल तर कपलिंग एका चिमट्यात घट्ट धरून दुसऱ्याने तार हलकेच वर वाकवा. कपलिंग न धरता वाकवलीत तर डबीतली बारीक स्प्रिंग उडते, आणि ती पुन्हा सापडत नाही.

नेरूळकर

तारच होती. स्प्रिंगही उडाली, पण चहाच्या बशीत सापडली. वाघीण आता उतरत नाही.