टोपिरामेट सुरू केल्यापासून शब्द आठवत नाहीत, कुणाला अनुभव आहे का?

अबोली:
मला अकरा वर्षांपासून अर्धशिशी आहे. महिन्यातले आठ-नऊ दिवस अंधाऱ्या खोलीत डोकं बांधून पडून जायचे, म्हणून न्यूरोलॉजिस्टनी रोज घ्यायची टोपिरामेट दिली. रात्री २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, दर आठवड्याला २५ वाढवत आता सकाळी ५० आणि रात्री ५०. गुण आलाय हे आधी सांगते. गेल्या महिन्यात तीनदाच दुखलं.

पण मी पाचवीला गणित शिकवते. परवा फळ्यावर तीन छेद चार लिहिलं आणि वरच्या आकड्याला काय म्हणतात तेच आठवेना. खडू हातात धरून तशीच उभी. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, अंश." घरीही तेच, उलथनं मागायचं तर "ते दे ना, ते पोहे परतायचं". शिवाय बोटांना मुंग्या येतात, भूक मेलीय आणि सोडा प्यायले तर मचूळ पाणी लागतं. डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनी आहे. सांगितलं तर गोळी बंद करतील आणि पुन्हा ते दुखणं सुरू होईल, या भीतीने गप्प आहे. दुसरी कुठली गोळी कुणाला मानवली असेल तर तेही सांगा.

रानजाई:
ताई, अगदी हेच माझं झालं होतं. बँकेत समोर बसलेल्या माणसाला "मुदत ठेव" म्हणता येईना. माझी गोळी बंद नाही केली, १०० वरून ५० वर आणली. आठ-दहा दिवसांत शब्द परत आले आणि दुखणंही आटोक्यात राहिलं. तीन आठवडे कशाला थांबता, उद्याच फोन करा.

त्याआधी मी फ्लुनारिझिन घेत होते. तिने झोप फार यायची, वजन वाढलं आणि मन सारखं उदास. तो उदासपणा गोळीचा असू शकतो हे कळायला चार महिने गेले. सासूबाईंच्या आजारपणाचा ताण असेल, असंच सगळे म्हणत होतो. म्हणून सांगते, मनात काही वेगळं वाटलं तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. टोपिरामेटनेही काहींना तसं होतं.

औषधवाला:
वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर आहे. मुंग्या आणि मचूळ सोडा यांचं मूळ एकच. ही गोळी शरीरातलं कार्बॉनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम अडवते, आणि सोड्याची चुणचुण जिभेला त्याच एन्झाइममुळे कळते. या दोन्हींनी घाबरू नका. पण त्याच कारणाने मुतखड्याचा धोका वाढतो, म्हणून पाणी भरपूर प्या. शाळेत बाथरूमची सोय धड नसते म्हणून शिक्षिका दिवसभर पाणी टाळतात, हे मी माझ्या बहिणीचं बघतो. तसं अजिबात करू नका.

अजिबात थांबायचं नाही अशी एक गोष्ट: अचानक धूसर दिसायला लागलं किंवा डोळा दुखून लाल झाला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. काचबिंदूचा झटका असू शकतो आणि उशिराने नजर जाते. हे बहुधा पहिल्या महिनाभरात होतं, पण पुढेही लक्ष ठेवा. मूल हवं असेल तर आधीच सांगा, बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगण्याचा धोका असतो. आणि इथे वाचून गोळी बदलू नका. प्रोप्रानोलॉल अर्धशिशीवर चांगली, पण दम्याच्या माणसाला चालत नाही. टोपिरामेट एकदम सोडूही नका, ती डॉक्टर हळूहळू उतरवतात.

अबोली:
फोन केला. रागावले नाहीत, उलट लगेच का नाही सांगितलंत म्हणाले. सकाळची ५० ची २५ केली, रात्रीची तशीच. घरात कुणाला मुतखडा होता का, हेही विचारलं. वडिलांना दोनदा झाला होता, पण ते मी पहिल्या भेटीत बोललेच नव्हते. आता सोनोग्राफी लिहून दिलीय, शनिवारी जाणार आहे. पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवायला लागलेय.