प्लायच्या कडा फुटतात, एकच ब्लेड घ्यायचंय, कोणतं?

भुसाच_भुसा: १० इंची टेबल सॉ (टेबलातून वर आलेली गोल करवत) आहे, सोबत आलेलं २४ दात्यांचं ब्लेड. प्लाय कापला की खालच्या बाजूने ढलप्या उडतात. कधीकधी जाड लाकूड लांबीतही चिरतो. मधल्या किमतीचं एकच घेणार. दोन घ्या म्हणू नका, तेवढं बजेट नाही.

करवतवाला: दोन घ्या. चिरायला २४, प्लायला ८०. माझं ८० चं महागातलं आहे, पण कडेला पॉलिश पेपर लावावा लागत नाही!

काटकोन: ८० ने जाड लाकूड लांबीत चिरून बघा, कड काळी पडते. दात्यांमधल्या खाचा लहान, भुशाला बाहेर पडायला जागा नाही, मग घासून तापतं. ४० चं घ्या, दोन्हीकडे भागतं. दाते आलटूनपालटून डावे-उजवे उतरते हवेत.

जुनं_खोड: हल्लीची ब्लेडं म्हणजे नुसता पत्रा. आमचं जुनं धार लावून लावून अजून चालू आहे.

रंधा: मशीन कमी ताकदीची असेल तर पातळ घ्या, २.४ मिमीच्या आसपास चीर पडणारं.

जुनं_खोड: पातळ डगमगतं. ३.२ च.

रंधा: डगमगतं ते बरेचदा फ्लँजवर, म्हणजे ब्लेड दोन्हीकडून धरणाऱ्या चकत्यांवर, भुसा अडकल्याने. पुसून बसवा की. मात्र रायव्हिंग नाइफ (ब्लेडच्या मागची उभी पट्टी) चिरेपेक्षा जाड नको, लाकूड तिथेच अडकेल. आणि ब्लेडच्या पत्र्यापेक्षा पातळही नको.

ढलपी: आधी चांगली बाजू वर ठेवून कापता का? टेबल सॉचे दाते वरून शिरतात, म्हणून खालून फुटतं. हातातल्या सर्क्युलर सॉला उलट, चांगली बाजू खाली. आणि ब्लेडभोवतीची फट घट्ट करा. नवं ब्लेड लागणारही नाही कदाचित.

काटकोन: ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनपेक्षा कमी नको. हे कुणीच बोललं नाही. आणि ४० चंच घ्या.

करवतवाला: मी ८० म्हणालोच होतो.

भुसाच_भुसा: सगळ्यांचे आभार. ६० चं मागवलं, पातळ चिरेचं. प्लायच जास्त कापतो. चिरायला जुनं २४ चं राळ काढून, धार लावून वापरेन.

काटकोन: ६० कुणी सांगितलं?

नवा_गडी: इथेच विचारतो, ब्लेडचं भोक ३० मिमी आणि शाफ्ट २५.४ असेल तर रिंग चालते का?

रंधा: चालते, नेमकी बसणारी हवी. ढिली असेल तर लावू नका.