उतारे वाचायचे की अख्खं पुस्तक? वाचनकट्ट्यासाठी सल्ला हवा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकला आमच्या कॉलनीत दर शनिवारी संध्याकाळी आम्ही वाचनकट्टा भरवतो. सोसायटीचा हॉल, साडेसहा ते आठ. प्रत्येकानं आवडीचा उतारा आणायचा आणि वाचून दाखवायचा, एवढाच नियम. सुरुवातीला हॉल भरायचा. आता ज्यांना वाचायचं असतं तेवढेच येतात, आणि आपली पाळी झाली की मोबाइल काढून बसतात. निव्वळ ऐकायला म्हणून कुणी फिरकत नाही.

एका सभासदांचं म्हणणं, नाटकवाली मंडळी बोलवा, माइक लावा, मागे बासरी ठेवा, तिकीट ठेवा. मला ते पटत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही. येणारे बहुतेक पन्नाशीपुढचे आहेत, शिवाय कॉलेजात जाणारी दोन-तीन मुलं. जुनं वाचायचं तितकंच नवंही वाचायचं आहे. ज्यांचा कट्टा टिकलाय त्यांनी कृपया सांगा, काय केलंत?

वऱ्हाडची_लेक

ताई, उतारे बंद करा. एक पुस्तक घ्या आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. बासरीची गरज पडणार नाही.

मी अकोल्याची. पोस्टात काउंटरवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या भागातल्या वाचनालयात आम्ही बायका-पुरुष मिळून बुधवारी बसतो. उतारा वाचताना काय होतं, तर तो निवडणाऱ्यासाठी भरलेला असतो. त्याला मागचं-पुढचं माहीत असतं, त्याचा गळा दाटून येतो. ऐकणाऱ्याला ना माणसं माहीत, ना गाव. तो सभ्यपणे टाळी वाजवतो आणि पुढच्या शनिवारी येत नाही. त्याला परत यावंसं वाटेल असं आपण मागे काही ठेवलेलंच नसतं. अख्ख्या पुस्तकात पुढच्या आठवड्याची ओढ आपोआप असते.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावायची पद्धत होतीच. पांडवप्रताप लावला की समाप्तीपर्यंत रोज बसायचं. मधलाच एखादा रंगतदार अध्याय वाचून पोथी कुणी बासनात बांधत नसे. आमच्याकडे शेगाव जवळ, त्यामुळे ‘गजानन विजय’चं पारायण घरोघरी. एकवीस अध्याय एकआसनी वाचणाऱ्या बाया आमच्या गल्लीत आहेत. श्वास कुठे घ्यायचा, आवाज कुठे सोडायचा, मधेच कुणी आलं तर ओवी न तोडता मान कशी हलवायची, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मी कट्ट्यावर पहिल्यांदा त्यांनाच बोलावलं. ‘आम्ही काय कादंबरी वाचणार’ म्हणाल्या, आणि आज आमच्यातल्या सगळ्यात चांगल्या वाचणाऱ्या त्याच आहेत. तुमच्या कॉलनीतही अशा असतील. नाटकवाल्यांच्या आधी त्यांच्या दारावर जा.

आम्ही उद्धव शेळक्यांची ‘धग’ पूर्ण वाचली. कादंबरी 1960 ची. निवेदन साध्या मराठीत, बोलणी सगळी वऱ्हाडीत. घरी एकट्यानं वाचताना शहरातल्या पोरांना ती अडते. मोठ्यानं वाचली की अडत नाही, कारण ती बोली डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते. एकदा एक सुशिक्षित ताई कादंबरीच्या नायिकेचं, कौतिकचं, बोलणं फार दुःखी, ओढलेल्या सुरात वाचत होत्या. कोपऱ्यात बसलेल्या आजींनी थांबवलं. त्यांना अक्षर वाचता येत नाही. म्हणाल्या, ‘थे असं रडून नाई बोलत. तिले टाइम कुठी हाय रडाले? कामं करतांनी बोलते थे.’ ताईंनी तेच पान पुन्हा, भराभर, सपाट आवाजात वाचलं. घर चालवता चालवता बोलणारी बाई समोर उभी राहिली आणि अख्खी खोली गप्प झाली. समीक्षेच्या पुस्तकात कौतिकबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण तिच्या बोलण्याचा वेग मला त्या आजींनी सांगितला. म्हणून म्हणते, न वाचता येणारी माणसं कट्ट्यावर हवीतच. नुसतं वाचणाऱ्यांचं मंडळ झालं की प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट बघत बसतो.

नोकरीत खिडकीवर लोकांची पत्रं वाचून द्यायचे. तिथे एक सवय लागली. पत्र ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा बघत वाचायचं, आणि महत्त्वाचं वाक्य आलं की त्याला ते पोचेपर्यंत पुढे जायचं नाही. कट्ट्यावरही मी तेच सांगते. आवाज काढू नका, पात्रांच्या नकला करू नका, म्हातारा आला म्हणून खोकू नका. वाक्य नीट पोचवा.

थोडं व्यवहाराचं. छापील पान मोठ्यानं वाचायला अडीच-तीन मिनिटं लागतात, म्हणजे तासाला वीसेक पानं. एकानं पंधरा-वीस मिनिटांवर वाचू नये, आवाज बसतो आणि ऐकणाराही कंटाळतो. वाचणाऱ्यानं आपला भाग आदल्या दिवशी घरी मोठ्यानं वाचून यावा, लांब वाक्यात पेन्सिलीनं श्वासाची खूण करावी. सुरुवातीला मागच्या वेळची गोष्ट दोन मिनिटांत सांगायची, तीही गेल्या वेळी ऐकणाऱ्यानं. त्यानं लोक कान देऊन ऐकतात. चर्चा शेवटी, आणि पुस्तक हातात असताना. छताचा पंखा खडखडत असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, माइक नंतर बघा.

‘धग’नंतर आम्ही सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’ घेतलं. साहित्य अकादमी मिळालेली, आमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या लेखकाची कादंबरी. शिकलेला, बेकार, शेतीत अडकलेला एकनाथ. कॉलेजची पोरं त्या पुस्तकापासून नियमित यायला लागली, कारण त्यातलं घर त्यांच्या ओळखीचं होतं. जुनं आणि नवं असं आलटून-पालटून घ्या. एकाचं वारं दुसऱ्याला लागतं.

पिंपळपान

वरच्या ताईंशी बरंचसं सहमत, पण उतारे सरसकट बंद करू नका. आमचा कट्टा पुण्यात. दर आठवड्याला तेच लोक येतील असं इथे होत नाही. कुणाची शिफ्ट, कुणाचा प्रवास. कादंबरीच्या मध्यात आलेला माणूस गोंधळतो आणि पुन्हा येत नाही.

आम्ही छोट्या पण पूर्ण गोष्टी घेतो. दिवाकरांच्या नाट्यछटा यासाठी फार चांगल्या. बोलणारा एकच माणूस, समोरच्याचं उत्तर आपण ओळखायचं, आणि पाच मिनिटांत सगळं संपतं. ‘पंत मेले, राव चढले’ शंभर वर्षांपूर्वीची आहे, पण आमच्या ऑफिसातल्या एकाला ती कालची वाटली. चक्रधरस्वामींच्या आठवणींचं ‘लीळाचरित्र’ही वाचून पाहा. म्हाइंभटांची एकेक लीळा छोटी असते, आणि तेराव्या शतकातली मराठी डोळ्यांना दिसते तितकी कानाला परकी नाही. ‘सर्वज्ञें म्हणितलें’, म्हणजे ‘स्वामी म्हणाले’, आलं की आमच्याकडची मुलंसुद्धा सावरून बसतात.

वऱ्हाडची_लेक

पिंपळपान, नाट्यछटा पूर्ण असते, तिला मी उतारा म्हणणार नाही. माझी तक्रार तोडून आणलेल्या तुकड्यांबद्दल आहे. लीळांचं अगदी खरं. महानुभावांचं रिद्धपूर आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं, तिथल्या वाचनाचा सूर ऐकण्यासारखा असतो. अनियमित येणाऱ्यांचा प्रश्न मात्र आम्हालाही आहे. म्हणून मागच्या भागाचं सांगणं आम्ही कधी चुकवत नाही, आणि प्रत्येक वेळी प्रकरण संपेल तिथेच थांबतो, मग घड्याळ काहीही म्हणो.

काळा_कोट

तिकिटाचा विषय निघालाय म्हणून कायद्याचं सांगते. भारतात लेखकाच्या हयातीनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, लक्ष्मीबाई टिळक 1936 मध्ये, दिवाकर 1931 मध्ये. यांचं लेखन आता मुक्त आहे. हयात किंवा अलीकडच्या लेखकांसाठी 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 बघा. प्रसिद्ध पुस्तकातला वाजवी भाग जाहीरपणे वाचायला मुभा आहे, आणि हौशी मंडळानं पैसे न घेता श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणालाही. तिकीट लावलंत की ही दुसरी सवलत जाते. कट्ट्याचं रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट, त्यासाठी लेखक किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. बहुतेक लेखक आनंदानं देतात, पण विचारायला हवं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तिकिटाचा विषय या शनिवारीच संपवते. पूर्ण पुस्तक हे पटलं. पण आमच्यात वऱ्हाडी कुणालाच नीट येत नाही, ‘धग’ला न्याय देता येणार नाही. नाशिककरांनी सुरुवात कशानं करावी?

वऱ्हाडची_लेक

तुमच्या दारातच आहे की! लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, आणि अखेरही नाशिकला. ती बाई लिहितच नाही, बोलते. पहिल्याच प्रकरणात वडिलांचं सोवळं आहे. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, मीठसुद्धा! एवढं वाचलं की कॉलनीतल्या साठीच्या बायका आपापल्या सासरच्या सोवळ्याच्या गोष्टी काढणार. पाच मिनिटं काढू द्या, मग पुढे वाचा. हसवता हसवता ती कुठे नेऊन सोडते हे पुढच्या भागांत कळतं. तिचे पती ना. वा. टिळक ख्रिस्ती होतात आणि हिचं जग दुभंगतं, तो भाग शांत आवाजाच्या माणसाला द्या. नाट्य त्यात भरपूर आहे, वरून घालायला नको.

आणि मुलांना आणायचं असेल तर ‘श्यामची आई’. तुमच्याच नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलेली. तिची प्रकरणं म्हणजे रात्री आहेत. आश्रमात प्रार्थना झाली की श्याम गोष्ट सांगतो आणि सगळे ऐकतात. अशी बैठक डोळ्यांसमोर ठेवूनच ते पुस्तक रचलंय. आठवड्याला दोन रात्री घेतल्यात तरी तासाच्या आत होतील.

गोदाकाठ

‘स्मृतिचित्रे’ ठरलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू दरवर्षी गुरुचरित्राचं पारायण करतात, त्यांना पहिलं प्रकरण वाचायला विचारते. त्यांचे यजमान डोळ्यांच्या त्रासामुळे वाचू शकत नाहीत, तेही येतील. एकच शंका उरली: खुर्च्या ओळीनं मांडायच्या की गोल?

वऱ्हाडची_लेक

गोल. वाचणाऱ्याची खुर्ची बाकीच्यांसारखीच, स्टेज नको. त्याच्या डाव्या खांद्यामागून उजेड येईल असं बघा, म्हणजे पानावर त्याच्याच हाताची सावली पडत नाही. काकूंच्या यजमानांना त्यांच्या शेजारीच बसवा. मागच्या वेळची गोष्ट सांगायचं काम त्यांच्याकडे द्या.