माझ्या प्रबंधातलं प्रकरण दुसऱ्यांच्या नावाने छापून आलंय. मदत हवी आहे

झाडीपट्टी: काल रात्री मैत्रिणीने लिंक पाठवली. माझ्या पीएचडीचं चौथं प्रकरण एका जर्नलमध्ये जवळजवळ जसंच्या तसं आहे. माझं नाव संदर्भयादीतसुद्धा नाही. संपादकांना मेल केला तर "साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल ४ टक्के आहे, लेख नियमात बसतो" एवढंच उत्तर. आता तक्रार कुठे करू? सोमवारी विद्यापीठात जायचंय, लवकर सांगा.

अनंतफंदी: विषय कोणता? प्रबंध शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, आहे का, कधीपासून? पेपर कधीचा?

मास्तर६२: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. ४ टक्क्यांवर कोणी ऐकणार नाही. मनस्ताप करून घेऊ नका.

झाडीपट्टी: शोधगंगावर २०२१ पासून आहे, पेपर गेल्या वर्षीचा. विषय भंडारा-गोंदियाचे मालगुजारी (जुन्या मालगुजारांनी बांधलेले) तलाव. प्रबंध मराठीत आहे, पेपर इंग्रजीत.

अनंतफंदी: अहो ताई, हे आधी सांगायचं ना! नेहमीचं सॉफ्टवेअर शब्दाला शब्द जुळवतं. मराठीचं इंग्रजी केलं की त्याला काहीच सापडत नाही. मास्तर, टक्के जुळलेल्या मजकुराचे असतात, चोरीचे नव्हेत.

सुगरण_नागपूर: माझ्या भाच्याचा अहवाल १८ टक्के आला होता. संदर्भयादी आणि अवतरणं वगळून परत काढला, ९ वर आला. तसं करून बघा.

अनंतफंदी: त्यांचा प्रबंध नाही तपासायचा हो, त्यांचा चोरीला गेलाय.

काळाकोट: कॉपीराइट कायदा, १९५७. भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा. सरळ वकिलाची नोटीस पाठवा.

ग्रंथपाल: नोटीस आधी नको, संपादक कायदा विभागाकडे टोलवतील आणि वर्ष जाईल. जर्नल 'कोप'चं (COPE, प्रकाशनातली नीतिमत्ता बघणारी संस्था) सभासद आहे का ते कोपच्याच साइटवर बघा, जर्नलवरच्या लोगोवर विसंबू नका. सभासद असेल तर संपादकाला लेखकांकडे खुलासा मागावा लागतो आणि तो पटला नाही तर त्यांच्या संस्थेला कळवावं लागतं. त्यासाठी डावीकडे तुमचं मराठी, उजवीकडे त्यांचं इंग्रजी असा पानागणिक तक्ता द्या. कल्पना चोरली म्हणून भागत नाही. आकडे, तक्ते, चुका दाखवा.

झाडीपट्टी: चूक आहे! तक्ता ४.६ मध्ये २३, १८ आणि ९ ची बेरीज मी ५२ लिहिली होती. त्यांच्याकडेही ५२ आहे. आणि लाखांदूरकडच्या एका म्हाताऱ्या पाणकरांची (तलावाचं पाणी वाटणाऱ्यांची) मुलाखत. कोणत्या बांधीला (धानाच्या वाफ्याला) कधी पाणी सोडायचं हे त्यांनी मला तीन दिवस तलावाच्या पाळीवर (बांधावर) हिंडवून समजावलं होतं. ते आता नाहीत. पेपरात त्यांचं तेच बोलणं "आम्ही घेतलेली मुलाखत" म्हणून आहे. याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतोय.

मास्तर६२: ५२ चं वाचून माझं मत मागे घेतो. तक्रार कराच.

विदर्भवीर: यूजीसीने २०२५ मध्ये मान्य जर्नलांची केअर यादी बंद केल्यापासून कुणीही जर्नल काढतंय.

काळाकोट: यादी होती तेव्हाही हेच चालायचं. वेगळा धागा काढा. ताई, लेखक कोण आहेत?

झाडीपट्टी: पहिलं नाव ओळखीचं नाही. दुसरं माझ्या गाईड सरांचं.

ग्रंथपाल: मग सोमवारी आधी सरांना भेटू नका. तक्रार लेखी द्या, विभागाच्या सचोटी समितीला (वाङ्मयचोरीच्या तक्रारी तीच तपासते) आणि प्रत संस्थेच्या समितीला. आवक क्रमांक घ्या. विभागाच्या समितीला ४५ दिवसांत अहवाल द्यावा लागतो. सर समितीत असतील तर त्यांना या बैठकीतून बाजूला व्हावं लागतं. तसं अर्जातच मागा.

मास्तर६२: गाईडशी वैर घेऊन नोकरी मिळेल का पण? एकदा बोलून बघा.

अनंतफंदी: बोलल्यावर पुरावे राहतात का? मुलाखतीचं रेकॉर्डिंग आहे ना?

झाडीपट्टी: आहे, जुन्या फोनमध्ये. तारखेसकट.

अनंतफंदी: आज रात्रीच दोन ठिकाणी उतरवून ठेवा. पेपर जर्नलकडे कधी आला ती तारीख पहिल्या पानावर असते, तीही तक्त्यात घाला.