उन्हाळ कांदा आत्ताच भरून ठेवू का? (पाथर्डी फाटा)

फाट्यावरचा_किराणा: मंडळी, माझं छोटं किराणा दुकान आहे, कांदा बटाटा लसूण पण ठेवतो. मागचा गाळा रिकामाच पडलाय. डोक्यात असं आहे की आत्ता मे मध्ये भाव पडलेत तर लासलगावहून ५ टन उन्हाळ कांदा एकदम उचलायचा आणि श्रावण-भाद्रपदात चढला की दुकानातून आणि आजूबाजूच्या हॉटेलांना काढायचा. समजा १४०० रुपये क्विंटलने घेतला आणि २५०० झाला तर बरे सुटतात ना? मेव्हणा म्हणतो येडा झालास का. लिलावात आपल्याला डायरेक्ट बोली लावता येते का?

खळ्यावरचा: नाही भाऊ, त्याला बाजार समितीचं लायसन लागतं, तुला व्यापाऱ्याच्या खळ्यावरूनच (माल निवडायची, भरायची जागा) घ्यावा लागणार. आणि पेपरात येतो तो भाव ट्रॉलीतल्या सरसकट मालाचा, खळ्यावर निवडून गोळा म्हणजे मोठा कांदा वेगळा, गोल्टी म्हणजे बारका वेगळी, जोडकांदा आणि बदला म्हणजे खराब माल बाजूला काढतात, मग बारदान (गोण्या), हमाली, व्यापाऱ्याचे दोन पैसे हे सगळं चढून तुझ्या हातात येतो. वर लासलगाव ते नाशिक ६० किमी, ५ टन म्हणजे पिकअपच्या तीन-चार खेपा नाहीतर आयशर. १४०० विसर.

निफाडकर: गाळा शटरवाला आहे का? मग मेव्हणा बरोबर बोलतोय 😀 कांदा साठवायच्या चाळीला खालून हवा लागते, बाजूने फटी लागतात, थर पण चार-पाच फुटांच्या वर नेत नाही आम्ही. बंद गाळ्यात गोणीवर गोणी रचलीस की पावसाळी दमट हवेत काजळी (काळी बुरशी) धरते, एक सडला की शेजारच्याला पाणी लागतं आणि वास येईपर्यंत आतली अख्खी गोणी गेलेली असते. नीट निवडून चाळीत भरला तरी चार-पाच महिन्यांत घट आणि सड मिळून ३० टक्के आम्ही धरूनच चालतो. तुझाच हिशोब लाव, १४०० चा माल ३० टक्के गेला की उरलेला २००० ला पडला, भाडं हमाली अजून वेगळीच.

सातपूरचा_पोरगा: भाव चढला की दिल्ली जागी होते हे पण धरा. ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात सरळ बंदी, ती उठली मे २०२४ ला. आणि तुझ्या कामाचं म्हणजे ऑक्टोबर २०२० ला साठ्यावर मर्यादा आलेली, घाऊकवाल्याला २५ टन, किरकोळवाल्याला फक्त २. तेव्हा ५ टन गाळ्यात असते तर भाव मस्त असून पण घाईघाईत काढावे लागले असते.

फाट्यावरचा_किराणा: लिमिटचं डोक्यातच नव्हतं राव. मग हॉटेलांचं काय करू, दोघं-तिघं मागतायत.

खळ्यावरचा: त्यांना दे ना, पण आठवड्याच्या खपाइतकाच माल नाशिक मार्केटमधून उचल. ग्रेव्हीवाल्यांना गोल्टी चालते, स्वस्त पडते. मिसळवाल्याला मात्र गोळाच दे, बारका सोलत बसायला त्याच्याकडे पोरं नसतात. उधारी आठवड्याच्या वर नको. दिवाळीच्या आसपास नवीन लाल कांदा सुरू झाला की जुन्याचा भाव हलतो, तेव्हा तर दोन दिवसांचाच ठेव. आणि घेताना गोणीत मधे हात घालून चार कांदे काढ, वरचे नेहमीच देखणे असतात. मान दाबून बघ, मऊ लागली तर ती गोणी सोड.