पोर्तुगीजमधलं 'लोजा' म्हणजे नक्की काय, दुकान की ऑफिस?

मुक्काम_लिस्बन:
दोन महिने झाले इथे येऊन, जिकडे बघावं तिकडे पाटीवर लोजा. कपड्यांचं लोजा, हार्डवेअरचं लोजा, इथपर्यंत दुकान म्हणून समजलं, पण परवा सरकारी कागदासाठी गेलो तर तिथेही पाटी 'लोजा दु सिदादांव', म्हणजे नागरिकांचं दुकान. कचेरीला दुकान कसं काय म्हणतात? आणि शब्द मुळात कुठला, लॅटिन का? कुणाला माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा ना प्लीज.

शब्दवेडी:
लॅटिन नाही हो, जर्मॅनिक आहे. फ्रँक म्हणून एक जुनी जर्मॅनिक जमात होती, त्यांच्या बोलीतला 'लाउब्या', म्हणजे फांद्या-पानांचा आडोसा, आपला मांडवच म्हणा. जर्मनमध्ये झाडाच्या पाल्याला अजून लाउब म्हणतात. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये लोज झालं आणि तिथून पोर्तुगीजमध्ये लोजा. इंग्रजांनी तोच फ्रेंच शब्द उचलला, त्याचं झालं लॉज, म्हणजे आपल्याकडे एसटी स्टँडसमोर जे लॉज असतं ना ते आणि तुमचं लोजा सख्खी चुलत भावंडं आहेत!! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर जो भेटेल त्याला सांगत सुटले होते. लॉबी पण त्याच घरातली. चर्चचं बांधकाम चालायचं तिथे गवंडी ज्या शेडमध्ये बसायचे तीही लोज, म्हणून फ्रीमेसन (मेसन म्हणजे गवंडी, त्यावरून नाव पडलेली एक बंधुसंघटना) लोकांच्या शाखेला इंग्रजीत लॉज आणि पोर्तुगीजमध्ये लोजाच म्हणतात.

दोरू_काठचा:
पोर्तोत ९ वर्षं आहे. इकडे उत्तरेच्या खेड्यात जुन्या दगडी घराचा तळमजला असतो, गुरं, बटाटे, वाइनची पिंपं ठेवायचा, त्यालाही लोजा म्हणतात, आणि माणसं वर राहतात. शहरात तोच तळमजला रस्त्याला लागून, म्हणून माल विकायला सोयीचा. सिदादांववालं म्हणजे आपलं सेतू केंद्र समजा, सगळ्या खात्यांची कामं एका छताखाली, पहिलं लिस्बनमध्येच १९९९ ला उघडलं. आणि किराण्याला मेर्सेआरिया म्हणा, मटणाला ताल्यु, तिथे लोजा म्हणत नाहीत. उच्चारात 'ज' जहाजातला नाही, टेलिव्हिजन म्हणताना येतो तो, आणि शेवटचा आ अगदी अर्धा.

मडगावकर:
आमच्या घरात पदेर (पाववाला), जनेल (खिडकी), कदेल (खुर्ची) सगळे पोर्तुगीज शब्द, पण लोजा मी तरी कधी ऐकला नाही, दुकानाला पसरो. मराठीत पगार, चावी, लिलाव घेतले पण हा नाही, मला वाटतं दुकान शब्द आधीच घट्ट बसलेला होता म्हणून.

शब्दवेडी:
@मडगावकर पसरो किती सुंदर शब्द आहे! माल पसरून मांडायचा तो पसरा, जुन्या मराठीतही आहे. आणि दुकान अरबीतून फारसीमार्गे आलं, अरबीत त्याचा एक अर्थ बसायचा ओटा. पोर्तुगीजमध्ये छोट्या दुकानाला 'तेंदा' पण म्हणायचे, तो मुळात तंबू, ताणून बांधलेला, आणि आपलं ताणणं त्याच मुळातलं. म्हणजे कुठे ओटा, कुठे मांडव, कुठे तंबू, भिंती नंतर आल्या.

मुक्काम_लिस्बन:
खूप खूप आभार सगळ्यांचे. माझ्या घरमालकीणबाई उत्तरेकडच्याच आहेत, त्यांच्या गावच्या घरी लोजा आहे का ते आज रात्री विचारतो, आणि असेल तर फोटो टाकतो इथे.